पायरीखालची ओल

दाभण मुठीपर्यंत आत गेलं. सुतारमामांनी ते ओढून काढलं, टोकाला चिकटलेला ओलसर भुसा बोटांत चोळून हुंगला आणि माझ्यापुढे धरला. वास आंबूस होता, पावसाळ्यात भिजलेल्या कडब्याच्या गंजीला येतो तसा. मग तेच दाभण त्यांनी त्याच खांबाला छातीच्या उंचीवर टोचलं. तिथं ते सूतभरही शिरलं नाही. खांब एकच, साग एकच आणि वयही एकच, शंभरीच्या आसपासचं. वरचं लाकूड अजून टणक होतं, पण खालच्या वीतभर भागात चोथ्याखेरीज काही उरलं नव्हतं.

मामा खाली बसले. खांबाच्या बुडाशी भिडलेल्या सिमेंटच्या पायरीवर त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. म्हणाले, "बापू, ही पायरी नाही बांधलाव तुम्ही. खांबाला पाणी पाजायचं भांडं बांधलाव."

मी नांदेडला राहतो. आमचं जुनं घर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका गावात आहे. चिखलात रचलेल्या दगडी भिंती, लाकडी खांब आणि वर मातीचं माळवद असं ते घर. दारातून आत शिरलं की ढाळज, पुढे चौक आणि चौकाच्या भोवती खोल्या. ढाळजेचे दोन खांब आणि दाराची चौकट अगदी रस्त्यालगत. पायरी आमच्या वडिलांनी १९९५ साली बांधून घेतली. कौतुकानं बांधली होती. गवंड्यानं ओल्या सिमेंटवर थापीच्या टोकानं साल कोरलं होतं, ते परवापर्यंत वाचता येत होतं.

ही पायरी काय करत होती हे कळायला आधी माळवदाचं घर कळावं लागतं. मराठवाड्यात घर खणांवर मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यांवर फळ्या किंवा किलचन, त्यावर लिंबाचा पाला नाहीतर तुराट्या, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पाणी न पिणारी पांढरी माती. मृगाच्या आधी दर वर्षी माळवदावर नवी माती टाकायची, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळी साफ करायच्या. जुनी माती कुणी खाली उतरवत नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या थर चढत जातो. कुठं तो फूटभर असतो, कुठं दोन-अडीच फूट. शंभर चौरस फुटांवर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास वजन. चांगल्या बांधलेल्या घरात हे वजन भिंतींपेक्षा खांबांवर जास्त येतं.

आणि खांब कधीच जमिनीत पुरलेला नसतो. त्याच्या खाली उथळा असतो. उथळा म्हणजे काळ्या पाषाणाचा घडीव दगड, जमिनीच्या वर चार बोटं किंवा वीतभर उचललेला. काही वाड्यांत त्यावर कमळं कोरलेली दिसतात, म्हणून आपण त्याला शोभेची वस्तू समजतो. मीही समजत होतो. पण उथळ्याचं पहिलं काम लाकडाला मातीपासून तोडणं हे आहे. आपल्याकडचा घट्ट काळा दगड पाणी जवळजवळ ओढत नाही. लाकडाचं कापलेलं टोक मात्र आडव्या अंगापेक्षा कितीतरी पटींनी पाणी पितं, कारण झाडाच्या जिवंतपणी पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या तिथं उघड्या पडलेल्या असतात. ते टोक दगडावर ठेवलं आणि भोवती वारा खेळता राहिला, की पावसात भिजलेला खांब चार दिवसांत सुकतो.

भिजण्यानं लाकूड मरत नाही, सुकायला न मिळण्यानं मरतं. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला हवा, ऊब आणि ओल लागते. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशीला तिथं जगता येत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या लाकडाची ओल दहा टक्क्यांच्याही खाली उतरते. म्हणून तर आपल्याकडचे माळवदाचे खांब शंभर-दीडशे वर्षं टिकलेले दिसतात. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते उधईला मानवत नाही. पण सागाच्या कडेचं फिकट लाकूड तेवढं कडू नसतं, आणि सतत ओलीत ठेवला तर गाभाही वर्षानुवर्षांनी हार मानतो.

आता १९९३ कडे यायला हवं, कारण आमच्या भागातल्या पायऱ्या तिथून सुरू होतात.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी हादरली. सहाच्या थोडी वरची तीव्रता, जमिनीखाली फार खोल नसलेला उगम, आणि वर दोन ते चार फूट जाडीच्या, चिखलात नुसत्या रचलेल्या दगडी भिंती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नव्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला.

नंतर पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी एक गोष्ट नोंदवली, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. अनेक घरांत भिंती पडल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. दगड बाहेर ढासळले आणि खांबांवर, तुळयांवर माळवद तसंच तोललेलं राहिलं. आमच्या घराची मागची भिंत त्या पहाटे पूर्ण गेली. ढाळजेचे दोन्ही खांब हलले, पण पडले नाहीत. मोठी माय आणि दोन चुलत भाऊ ढाळजेत झोपले होते. ते तिघं वाचले ते त्या खांबांमुळं, असं माझे वडील शेवटपर्यंत सांगत. त्याच खांबाच्या बुडाशी दोन वर्षांनी त्यांनी काँक्रीट ओतून घेतलं.

त्यांना दोष देववत नाही. त्या दोन वर्षांत माणसं पत्र्याखाली झोपत होती. दगड, माती, लाकूड या शब्दांचीच धास्ती बसली होती. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. दोन लाखांच्या आसपास घरांच्या दुरुस्तीचा नि मजबुतीचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या मदतीनं चालला होता. जिकडं बघावं तिकडं सिमेंटची पोती होती. त्याआधी कितीतरी वर्षं सिमेंट परमिटवर मिळायचं. १९८२ मध्ये ते अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण खुलं झालं. गावातल्या माणसाला पहिल्यांदाच हवं तेव्हा पोतं विकत आणता येत होतं, आणि ते पोतं म्हणजे न पडण्याची हमी वाटत होती. घर पुरतं नवं बांधायची ऐपत नसेल तर निदान पायरी, निदान ओटा, निदान ढाळजेत कोबा. मजबुतीच्या कार्यक्रमात सांगितलेल्या गोष्टी वेगळ्याच होत्या: माळवदाची जादा माती उतरवा, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे जोडदगड घाला, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार द्या. ती सगळी कामं वर चढून, धुळीत, कष्टानं करायची होती. पायरी मात्र एका दिवसात होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते.

त्या पायरीनं नेमकं काय केलं ते आम्हाला या एप्रिलमध्ये फोडताना समजलं. मामांनी ब्रेकर आणू दिला नाही. हादऱ्यांनी कुजलेला खांब सरकला असता. तीन दिवस घन, सब्बल आणि टाकी यांवरच काम चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी खांबालगतचा मोठा तुकडा उलटला आणि मजुरानं हाक मारली. तुकड्याची खालची बाजू ओली होती. एप्रिलचं ऊन, पाच महिने पावसाचा थेंब नाही, आणि काँक्रीटच्या पोटाला घाम फुटल्यासारखी ओल. खांबाच्या बाजूनं उधईच्या मातीच्या नळ्या वर गेलेल्या. बाहेरून त्यातलं काहीही दिसत नव्हतं.

हा तोच जिल्हा, जिथं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. पाण्याविना कासावीस होणाऱ्या मुलखात लाकूड पाण्यानं कुजेल हे कुणाच्या मनात येणार? पण थोडं पाणीही रोज, एकाच जागी आणि बाहेर पडायला वाट नसताना मुरलं तर पुरे असतं. आमच्या दारात रोज पहाटे सडा पडतो. बाहेरून येणारा प्रत्येक जण पायरीवर पाय धुतो. कडेला पाण्याचा रांजण असतो, तो पाझरतो. पूर्वी दारापुढे शेणानं सारवलेली माती होती. तिच्यावर पडलेलं पाणी पसरून मुरायचं आणि दहा वाजायच्या आत उडून जायचं. काँक्रीटवर पडलेलं पाणी उतार असेल तिकडं धावतं. काँक्रीट आळताना थोडं आकसतं, त्यामुळे लाकूड आणि पायरी यांच्यात केसाएवढी फट राहतेच. त्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं. आत गेलेल्या पाण्याला ना ऊन दिसतं ना वारा.

पायरीचा उतारही घराकडे झाला होता. गवंड्यानं तो तसा केला नव्हता. गावठाणाची जमीन पांढरी, पण रस्त्याच्या भरावात काळी माती आली होती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या फुगण्या-आकसण्यात पायरीची बाहेरची कड तीस वर्षांत अंगठाभर उचलली गेली. शिवाय रस्ता. गावातला रस्ता त्या काळात तीनदा झाला: आधी मुरूम, मग खडी, मग सिमेंट. दर वेळी जुना थर न खोदता वर नवा. माझ्या लहानपणी घरात जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत, आता एकच उरली आहे. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी उंबऱ्याला येऊन लागायचं. लातूर-नांदेडच्या कोणत्याही जुन्या गल्लीत हिंडून बघा, रस्ता चढत गेला आणि घरं जागच्या जागी बुडाली, हे दिसेल. नांदेडला गाडीपुऱ्याकडच्या बोळांतून जाताना माझी नजर हल्ली आपोआप चौकटींच्या पायाकडे जाते. वर कोरीव गणेशपट्टी शाबूत, आणि खाली दोन्ही उभ्या लाकडांना सिमेंटचं प्लास्टर चढवलेलं. मालकानं ते जपणूक म्हणून केलेलं असतं. कुजलेला भाग झाकला जातो आणि कूज आत चालू राहते. जळक्या ऑइलचं किंवा जाड रंगाचंही तसंच. कोरड्या लाकडावर त्याचा उपयोग असेल, ओल्या लाकडावर तो बाहेरून बंद केलेला दरवाजा होतो.

जगात ज्यांनी ज्यांनी लाकडात बांधलं त्यांना हा धडा शिकावाच लागला. नॉर्वेतली सगळ्यात जुनी लाकडी चर्चं खांब थेट जमिनीत रोवून बांधली होती, त्यांची बुडं कुजून ती नाहीशी झाली. मग तिथल्या सुतारांनी खांब दगडी जोत्यावरच्या आडव्या लाकडांवर उभे केले. बाराव्या शतकातलं उर्नेसचं आणि बोर्गुंडचं चर्च त्यामुळं अजून उभं आहे. जपानात इसेच्या देवळाचे खांब मुद्दाम जुन्या रीतीनं जमिनीत रोवतात, आणि ते देऊळ दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात. पण त्याच देशात होर्युजीच्या मठाचे खांब दगडांवर उभे आहेत, त्यांना तेराशे वर्षं होऊन गेली. आमच्या पणजोबांच्या सुताराला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. तरी त्यानं उथळा घातलाच होता.

तो उथळा आम्हाला सापडला. तिसऱ्या दिवशी, पायरीच्या खालच्या थरात. काँक्रीट ओतताना तो काढला नव्हता, नुसता बुडवला होता. चौकोनी, वरच्या कडा तासलेल्या, म्हणजे पाणी चारी अंगांना ओघळून जावं म्हणून उतार दिलेला. त्यावर खांबाचा चोथा चिकटला होता. मामांनी तो ओल्या फडक्यानं पुसला. बराच वेळ हात त्यावर ठेवून ते बसून राहिले. म्हणाले, "ज्यानं हा घडवला त्याला कळत होतं. आपण त्याला गाडलाव."

पुढचं काम जोखमीचं होतं. आधी माळवदाची दीड फूट माती उतरवली, निम्म्याहून जास्त. जवळजवळ पाच दिवस लेकुरवाळ्या बायांसकट सगळी भावकी टोपल्या वाहत होती. एवढी माती पिढ्यांनी डोक्यावर चढवली होती हे ढीग पाहून समजलं. मग तुळईखाली दोन्ही बाजूंना जाड बल्ल्या लावल्या, त्यांच्या बुडाशी फळ्या घातल्या आणि लाकडी पाचरी एकेक ठोका देत सारल्या. दर चार ठोक्यांनी मामा वर बघत, तुळईला कान लावत. खांबावरचा भार सुटला की करवतीला वेगळा आवाज येतो, असं ते म्हणाले. तो मला ऐकू आला नाही. त्यांना आला.

किती कापायचं हे दाभणानं ठरवलं. मामा खालून वर बोटाबोटावर टोचत गेले. जिथं दाभण अडलं त्याच्याही वर वीतभर खूण केली. बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पुढे पोचलेले असतात, म्हणून कंजुषी करायची नाही. नव्या तुकड्यासाठी नवं लाकूड घेतलंच नाही. किनवट-माहूरच्या जंगलातला साग आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे, पण हल्ली मिळणारं कोवळं लाकूड मामांना पसंत नव्हतं. नांदेडला पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान विकायला असतं, त्यातली एक तुळई आम्ही आणली. कुणाच्या तरी घराची ती तुळई होती, याचं मला वाईट वाटत राहिलं. दोन्ही लाकडांना हातभर लांबीची अर्धी-अर्धी खाच पाडली, एकमेकांत बसवली आणि आरपार बोल्ट घातले. जोडाला टाकणखाराचं पाणी पाजलं. तळाचं टोक उथळ्यावर अगदी सपाट बसावं म्हणून मामांनी ते तीनदा तासलं. प्रत्येक वेळी दगडाला काजळ लावून खांब टेकवायचा आणि काळं कुठं उमटतं ते पाहायचं.

भाऊ एकदा वैतागून म्हणाला, एवढ्यात काँक्रीटचा कॉलम उभा राहिला असता. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मी सिमेंटच्या विरोधात नाही. किल्लारीनंतर भिंतींच्या वरून फिरवलेल्या सळयांच्या पट्ट्यांनी घरं बांधून धरली, तो सिमेंटचा उपकारच. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीत साडेचार तीव्रतेचा धक्का बसला, नांदेडमध्ये माणसं पहाटे रस्त्यावर आली. तेव्हा प्रशासनानं पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवा असं आवाहन केलं. आपल्या भागात जमीन पुन्हा हलणार, हे धरूनच घर राखायला हवं. म्हणूनच खांबाचं बूड महत्त्वाचं. भिंत पडल्यावर माळवद तोलून धरणारा खांब जर वीतभर चोथ्यावर उभा असेल, तर १९९३ ला तो ज्यांना वाचवून गेला त्यांना पुढच्या वेळी वाचवणार नाही. बाहेरून खांब तसाच दिसतो. त्यावर रंग असतो, दसऱ्याचं तोरण असतं.

नवी पायरी दगडाची केली. दोन घडीव दगड, मुरमाच्या बैठकीवर, सिमेंटशिवाय, रस्त्याकडे बोटभर ढाळ. खांब आणि चौकट यांच्यापासून दोन बोटं सुटी. त्या दोन बोटांवरून घरात मोठा वाद झाला. आईला तिथं विंचू शिरतील याची भीती, आणि आमच्याकडे ती भीती खोटी नाही. शेवटी फटीत सुटी खडी भरली. पाणी खाली जातं, वारा येतो, आणि विंचवाला आसरा मिळत नाही. पुतण्याची मोटारसायकल आत न्यायला काँक्रीटचा उतार होता, त्याऐवजी एक जाड फळी ठेवली आहे. लावायची आणि उचलून भिंतीला टेकवायची. पहिले आठ दिवस तो कुरकुरला. रांजण दारापासून चार हात लांब गेला. सडा आई अजून घालते, पण आता उंबऱ्यापासून रस्त्याकडे, पाठमोरी होत होत.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मी गावातच होतो. टॉर्च घेऊन ढाळजेत बसलो. रस्त्याचं पाणी नव्या पायरीच्या पहिल्या दगडाला लागलं आणि कडेनं गेलं. उथळा वरून ओला झाला, पाणी त्याच्या तासलेल्या कडांवरून उतरलं. सकाळी नऊच्या उन्हात त्याचा काळा रंग करडा झालेला होता.

त्याच दिवशी समोरच्या वाड्यातल्या काकू आल्या. त्यांची पायरी आमच्यानंतर वर्षभरानं झालेली, त्याच गवंड्याकडून, तशीच. मामांचं दाभण आमच्याकडेच राहिलं होतं. ते घेऊन आम्ही दोघं रस्ता ओलांडून गेलो. त्यांच्या चौकटीचं डावं उभं लाकूड, हळदीकुंकवाच्या बोटांच्या जरा खाली, मी टोचलं. दाभण न थांबता आत गेलं. काकूंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि उजव्या बाजूला स्वतः टोचून पाहिलं. मग पदरानं पुसून परत दिलं.

"सुताराला सांगून ठेव," त्या म्हणाल्या. "आणि घन किती दिवसांसाठी मिळतो ते विचार."